हार्ड डिस्कची बैठक

असेंबल्ड कॉम्प्युटर घेताना प्रोसेसर कुठला, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कोणतं यावर दुकानात तासभर खल होतो. हार्ड डिस्क किती टीबीची, हेही विचारलं जातं. ती कॅबिनेटमध्ये नेमकी कुठे आणि कशी बसवणार, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. दुकानातला मुलगा हाताला सोपा पडेल त्या कप्प्यात ती सरकवतो, एका बाजूने दोन स्क्रू पिळतो आणि पॅनेल लावून मोकळा होतो. कोणी विचारलंच, तर प्रश्न ठरलेला असतो: डिस्क आडवीच असली पाहिजे ना? उभी लावली तर खराब होते म्हणतात.

नाही होत. आडवी, उभी, कुशीवर, अगदी सर्किटची बाजू वर करून उलटी लावली, तरी आजच्या हार्ड डिस्कला फरक पडत नाही. बनवणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रकंही तेच सांगतात. बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीने २००९ साली आपल्या साठवणयंत्राची रचना सगळ्यांसाठी खुली केली. त्या एका लाल पेटीत ४५ डिस्का होत्या आणि सगळ्या उभ्या, कनेक्टर खाली करून ओळीने रोवलेल्या. डिस्कचं नुकसान होतं ते वेगळ्या गोष्टींनी. ती सैल बसली, शेजारच्या डिस्कची किंवा पंख्याची थरथर तिच्यापर्यंत पोचली, तिला हवा लागली नाही किंवा चालू असताना ती हलली, की त्रास सुरू होतो. दिशेची चिंता सोडा आणि ती धरली कशी आहे हे बघा, एवढंच मला सांगायचं आहे. त्याची कारणं मात्र थोडी तपशिलात शिरून पाहावी लागतात.

साडेतीन इंची म्हणतात त्या नेहमीच्या डिस्कच्या आत साधारण ९५ मिलिमीटर व्यासाच्या चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेतात. ७,२०० म्हणजे सेकंदाला १२०. हिशेब मांडला तर तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पळत असते. तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर, हवेच्या पातळ थरावर, वाचणारं-लिहिणारं हेड तरंगत असतं. माहिती ज्या गोल ट्रॅकवर लिहिलेली असते, ते मोठ्या क्षमतेच्या डिस्कमध्ये एका इंचात चार लाखांच्या घरात जातात. म्हणजे एका ट्रॅकच्या वाट्याला साठ-पासष्ट नॅनोमीटर रुंदी येते. माणसाच्या केसाच्या जाडीत असे हजारभर ट्रॅक शेजारी शेजारी मावतील. हेड ज्याच्या टोकाला असतं त्या आर्मने आठ-दहा मिलिसेकंदांत एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जायचं आणि पोचल्यावर त्या रेघेवरून जराही ढळायचं नाही.

आपण रेघेवर आहोत की नाही, हे हेडला कळतं कसं? ट्रॅकवरच ठरावीक अंतराने सर्व्हो खुणा लिहिलेल्या असतात. हेड त्या सेकंदाला हजारो वेळा वाचतं आणि आर्म हलवणारी कॉइल त्याप्रमाणे आर्मला सावरत राहते. गुरुत्वाकर्षण कुठल्या बाजूने ओढतंय, हा या यंत्रणेच्या दृष्टीने किरकोळ प्रश्न आहे. ओढ एकसारखी असते, त्यामुळे एकदा जमाखर्चात धरली की संपलं. त्रास होतो तो सतत बदलणाऱ्या धक्क्यांचा. त्यांचा अंदाज आधी बांधता येत नाही.

मग उभी डिस्क खराब होते ही समजूत आली कुठून? हवेतून आलेली नाही, तिला जुना आणि खरा आधार आहे. आयबीएमने १९५६ साली रॅमॅक संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा ती बसवण्याचा प्रश्नच नव्हता. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, पन्नास लाख अक्षरांची साठवण आणि टनभर वजन. खोलीच तिच्या मापाची घ्यावी लागे. टेबलावरच्या संगणकात मावणारी डिस्क आली १९८० साली, सीगेटची सव्वापाच इंची एसटी-५०६, क्षमता ५ एमबी. तिच्यामागून आलेल्या स्वस्त डिस्कांत आर्म हलवायला स्टेपर मोटर असे. ही मोटर ठरावीक टप्प्यांनी फिरते. अमुक इतके टप्पे फिरली की तमुक ट्रॅक आला, असा तिचा हिशेब. हेड खरोखर तिथे पोचलं का, हे तपासणाऱ्या खुणा नव्हत्या. डिस्क आडवी ठेवून फॉरमॅट केली आणि नंतर संगणक कुशीवर उभा केला, तर आर्म केसभर लोंबून ट्रॅकच्या जरा बाजूला उतरे आणि वाचनात चुका येऊ लागत. म्हणून तेव्हा सांगत, ज्या स्थितीत वापरणार त्याच स्थितीत फॉरमॅट करा. सल्ला त्या काळासाठी अगदी योग्य होता. पुढे स्टेपर मोटर गेली, सर्व्हो खुणा आल्या, बॉल बेअरिंगच्या जागी तेलाच्या थरावर फिरणारं बेअरिंग आलं. सल्ला मात्र दुकानांतून अजून निवृत्त व्हायचा आहे.

थरथरीने काय होतं, याची उदाहरणं कोणाला कल्पित वाटावीत अशी आहेत. १० सप्टेंबर २०१६ रोजी बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी चालली होती. ही यंत्रणा पाणी न मारता निष्क्रिय वायू सोडते, जेणेकरून यंत्रं भिजू नयेत. वायू अपेक्षेपेक्षा जास्त दाबाने सुटला आणि नळ्यांच्या तोंडातून प्रचंड आवाज झाला. यंत्रं भिजली नाहीत. पण नुसत्या आवाजाच्या हादऱ्याने डझनावारी हार्ड डिस्का निकामी झाल्या. रोमानियातल्या ग्राहकांची कार्डं आणि एटीएम काही तास बंद पडली. त्याआधी २००८च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग या इंजिनिअरने डिस्कांच्या रॅकसमोर उभं राहून जिवाच्या आकांताने ओरडून दाखवलं होतं. त्याच क्षणी पडद्यावरच्या आलेखात डिस्कांना लागणारा वेळ उसळी मारून वर गेला. माणसाच्या घशातून निघालेल्या आवाजाने हेड ट्रॅकवरून ढळतं आणि डिस्क पुढच्या फेरीची वाट बघत बसते.

तिसरा किस्सा मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २०२२ साली सांगितला. विंडोज एक्सपीच्या काळात जॅनेट जॅक्सनच्या ‘ऱ्हिदम नेशन’ या गाण्याचा व्हिडिओ लावला की काही लॅपटॉप बंद पडत. गंमत म्हणजे शेजारच्या टेबलावर ठेवलेला लॅपटॉपही बंद पडे. त्या लॅपटॉपमधल्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कचा स्वाभाविक कंपनांक आणि गाण्यातला एक सूर नेमके जुळत होते. यावर निघालेला उपाय मला फार आवडतो. लॅपटॉप कंपनीने ध्वनियंत्रणेत गाळणी घालून तो सूरच कापून टाकला.

घरच्या कॅबिनेटमध्ये असा भोंगा वाजत नाही, पण बारीक थरथर अखंड चालू असते. डिस्क स्वतः सेकंदाला १२० वेळा थरथरते. शेजारी दुसरी डिस्क असेल तर तिचीही तीच लय. मात्र दोघींच्या वेगात किंचित फरक राहतो, त्यामुळे त्यांच्या कंपनांचा मेळ जमतो आणि मोडतो. रात्री शांततेत कॅबिनेटमधून लाटांसारखा चढउतार होणारा गुणगुणाट येतो तो याचाच. बरेचदा डिस्क निर्दोष असते. तिची थरथर पातळ पत्र्याच्या कप्प्यात उतरते, कप्प्यातून पॅनेलमध्ये जाते आणि पॅनेल ढोलासारखं वाजायला लागतं. पत्रा जेवढा पातळ तेवढा आवाज मोठा, त्यामुळे स्वस्त कॅबिनेट घेऊन वाचवलेले पैसे कानांकडून वसूल होतात. एका पेटीत अनेक डिस्का शेजारी शेजारी चालवायच्या असतील, जसं घरातल्या किंवा छोट्या ऑफिसातल्या एनएएसमध्ये (नेटवर्कवरच्या सामायिक साठवणपेटीत), तर त्यासाठी बनवलेल्या डिस्का घ्याव्यात. त्यांतल्या पुष्कळांमध्ये डिस्कला किंचित गोल फिरवणारी शेजारची थरथर ओळखणारे सेन्सर असतात आणि आर्म त्याप्रमाणे आधीच सावरून घेतो. साध्या डिस्का चारपाचच्या टोळीत टाकल्या तर चालतात, पण वेग मार खातो.

आता स्क्रूंकडे. साडेतीन इंची डिस्कची रुंदी प्रत्यक्षात १०१.६ मिलिमीटर असते, म्हणजे चार इंच. लांबी साधारण १४७ आणि उंची २६ मिलिमीटर. दोन्ही कडांना तीन तीन आणि बुडाला चार आट्यांची भोकं असतात. मोठ्या क्षमतेच्या अनेक नव्या डिस्कांत कडेचं मधलं भोक गायब झालंय, कारण आत तबकड्या वाढवायला जागा हवी होती. म्हणून जुन्या कॅबिनेटमधला एखादा ट्रे नव्या डिस्कला बसत नाही तेव्हा डिस्क नकली आहे असा निष्कर्ष काढू नये. कॅबिनेटबरोबर मिळणाऱ्या पुडीत दोन प्रकारचे स्क्रू असतात, मोठ्या आट्यांचे आणि बारीक आट्यांचे. मोठ्या आट्यांचे, ज्यांना ६-३२ म्हणतात, ते साडेतीन इंची डिस्कचे. बारीक आट्यांचे एम३ हे अडीच इंची डिस्क, एसएसडी आणि डीव्हीडी ड्राइव्हचे. एम३ स्क्रू ६-३२च्या भोकात घातला की तो आत जातो, फिरतो आणि पकडत मात्र काहीच नाही. उलट केलं तर आटे कायमचे जातात. हाताने सहज दोनतीन फेरे फिरला तर स्क्रू बरोबर आहे. पहिल्याच फेऱ्याला जोर लावावा लागला तर थांबून दुसरा शोधायचा.

लांबीही बघावी लागते. डिस्कची भोकं उथळ असतात. दुसऱ्या कशाचा तरी लांब स्क्रू हाताशी आहे म्हणून पिळला, तर तो आत सर्किटला किंवा साच्याला जाऊन टेकतो. घट्टपणाचं माप असं की साध्या स्क्रूड्रायव्हरने, बोटांच्या जोराने घट्ट करावं आणि तिथे थांबावं. बॅटरीचं ड्रिल या कामाला नको. चारही स्क्रू आधी सैलसर लावून मग तिरप्या क्रमाने आवळले की डिस्कच्या साच्यावर वेडावाकडा ताण येत नाही. दुकानात एका बाजूनेच दोन स्क्रू का मारतात? बऱ्याच कॅबिनेटमध्ये दुसऱ्या बाजूला पोचायला मदरबोर्डमागचं पॅनेल उघडावं लागतं, तिथे वायरींचा गुंता दाबून बसवलेला असतो आणि एकदा उघडलं की पुन्हा मिटता मिटत नाही. कंटाळा समजू शकतो. पण अर्धा-पाऊण किलो वजनाची, आत सतत काहीतरी फिरत असलेली वस्तू एका कडेवर टांगून ठेवली, की मोकळी कड थरथरते. उरलेले दोन स्क्रू मागून घ्यावेत.

स्क्रू थेट पत्र्यात की मध्ये रबर? यावर दोन पक्ष आहेत आणि दोघांकडे मुद्दा आहे. थेट पत्र्यात आवळलेली डिस्क आपली उष्णता कप्प्याच्या धातूला देते. डिस्कचं वजन आणि कॅबिनेटचं वजन एक होतं, म्हणून ती स्वतः कमी हलते. मात्र तिचा आवाज सगळ्या कॅबिनेटमध्ये पसरतो. रबराच्या वायसरवर बसवली तर आवाज अडतो, पण उष्णताही अडते. शांत संगणकाचे शौकीन याच्याही पुढे गेले. त्यांनी इलॅस्टिकच्या पट्ट्या ताणून डिस्क कप्प्यात अधांतरी टांगली. आवाज खरोखर नाहीसा होतो. पण झोपाळ्यावर बसून हात जोरात झटकला की झोपाळा उलट्या दिशेला हलतो, तसंच इथे होतं. आतला आर्म झेप घेतो आणि टांगलेली डिस्क उलट दिशेला किंचित फिरते. मग हेडला ट्रॅकवर स्थिर व्हायला वेळ लागतो. शिवाय कॅबिनेट रिक्षातून नेताना एखादी पट्टी निसटली, तर डिस्क मदरबोर्डवर येऊन आदळते. मला विचाराल तर जाड रबराच्या वायसरचा मध्यममार्ग पुरेसा आहे. २००५ साली आलेल्या अँटेकच्या पी-१८० या कॅबिनेटने सिलिकॉनचे वायसर आणि डिस्कांसाठी खाली वेगळा कप्पा दिला होता. आज चांगल्या कॅबिनेटमध्ये दिसणारे रबरी ट्रे त्याच वाटेने आले आहेत. प्लॅस्टिकचे खटकन बसणारे, स्क्रू न लागणारे ट्रेही मिळतात. त्यांत डिस्क बसवून हाताने हलवून पाहावी. खुळखुळ वाजली तर ट्रेला स्क्रूची भोकं असतातच, ती वापरावीत.

तापमानाबद्दलही समजुती फार आहेत. घरगुती डिस्कांची कमाल मर्यादा साधारण ६० अंश सेल्सिअस सांगितलेली असते. गुगलच्या तीन संशोधकांनी २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि सगळ्यांना चकित केलं. मध्यम तापमानाच्या पट्ट्यात डिस्क थोडी जास्त गरम असल्याने ती जास्त बिघडते असं दिसलंच नाही. उलट सर्वांत थंड डिस्कांत बिघाड जास्त आढळले. उष्णतेचा फटका उघड दिसला तो चढ्या तापमानाला, आणि तोही तीनेक वर्षं वापरलेल्या डिस्कांत. म्हणजे डिस्क ३२ अंशांवर ठेवण्यासाठी कॅबिनेटला चार पंखे लावण्यात अर्थ नाही. चाळिशीच्या आसपास ती सुखात असते. पण हा अभ्यास डेटा सेंटरमधल्या डिस्कांचा आहे. मे महिन्यात चंद्रपुरात किंवा अकोल्यात, बाहेर ४५ आणि पंख्याखाली ४० अंश असलेल्या खोलीत, डिस्क खोलीपेक्षा दहा-पंधरा अंश वर गेली की पन्नाशी ओलांडतेच. तिथे हवेचा प्रश्न खराच आहे.

त्यावर तोडगा साधा आहे. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीमागे १२० मिलिमीटरचा एक पंखा असावा आणि डिस्क त्याच्या वाऱ्यात यावी. पंखा हळू फिरला तरी पुरतो. डिस्क जेमतेम पाच ते आठ वॉट वीज खाते, तिला वादळ नको असतं, स्थिर हवा तेवढी टाळायची असते. दोन डिस्का असतील तर त्यांच्यामध्ये एक कप्पा रिकामा सोडावा. हा सगळ्यांत स्वस्त उपाय आणि सगळ्यांत कमी वापरला जाणारा. पुढची जाळी धुळीने बंद झाली असेल तर पंखा असून नसल्यासारखा. रस्त्यालगतच्या घरात ती दर महिन्या-दीड महिन्याने ब्रशने साफ करावी लागते. डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं आणि ते झाकू नये अशी सूचना शेजारी छापलेली असते. आतली आणि बाहेरची हवा समदाबात राहावी म्हणून ते ठेवलेलं असतं, त्यामुळे तिथे स्टिकर किंवा दुहेरी टेप चिकटवू नये. २०१३ पासून हेलियम भरलेल्या डिस्का बाजारात आल्या. त्या पूर्ण सीलबंद असतात आणि त्यांना हे भोक नसतं.

कॅबिनेटच्या रचनाही बदलत गेल्या. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स पद्धतीच्या जुन्या पेट्यांत एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, वर, सीडी ड्राइव्ह वर आणि डिस्कचा पिंजरा फ्लॉपीच्या खाली असे. नंतर एसएमपीएस खाली आला, पिंजरा नव्वद अंशांत वळून त्याचं तोंड बाजूच्या पॅनेलकडे झालं आणि डिस्क ओढून काढणं सोपं झालं. आताच्या काचेच्या कॅबिनेटमध्ये पिंजरा एसएमपीएसच्या आवरणाखाली लपवलेला असतो. दिसायला छान, पण तिथे हवा कमी पोचते आणि एसएमपीएसच्या वायरींचा गठ्ठाही तिथेच कोंबलेला असतो. अशा कॅबिनेटमध्ये एकच डिस्क लावायची असेल तर पुढच्या पंख्याला लागून असलेला कप्पा निवडावा आणि वायरी दुसऱ्या बाजूला बांधाव्यात. पिंजरा बहुधा स्क्रू काढून सरकवता किंवा बाहेर काढता येतो; लांबलचक ग्राफिक्स कार्ड पिंजऱ्यावर आपटतंय असं दिसलं तर कॅबिनेट बदलायच्या आधी हे तपासावं.

दिशेबाबत एक व्यावहारिक मुद्दा उरतो, तो केबलचा. साटा केबल २००३ च्या सुमाराला आली आणि जुन्या आयडीईच्या करड्या, रुंद, हवा अडवणाऱ्या पट्ट्या गेल्या. साटाची केबल मीटरभर लांब चालते, त्यामुळे डिस्क कुठेही ठेवता येते. पण डिस्कवरच्या साटा कनेक्टरची प्लॅस्टिकची जीभ नाजूक असते. डिस्कचं तोंड पॅनेलकडे असेल आणि पॅनेल लावताना सरळ केबल दाबली गेली, तर ती जीभ तुटते आणि धडधाकट डिस्क कचऱ्यात जमा होते. अशा जागी काटकोनात वळलेल्या तोंडाची केबल घ्यावी. केबलला घडी घालू नये, झिप टायने आवळून गळा दाबू नये. वीज देताना एसएमपीएसच्याच साटा वायरी वापराव्यात. जुन्या चार पिनच्या मोलेक्समधून साटा काढणारे, आत वायरी ओतीव प्लॅस्टिकमध्ये बंद केलेले स्वस्त अडॅप्टर जळाल्याचे प्रकार पुष्कळ आहेत. डिस्क सुरू होताना काही सेकंद १२ व्होल्टच्या वायरीतून दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते, हे एका अडॅप्टरवर तीन डिस्का टांगणाऱ्याने लक्षात ठेवावं.

पेटीच्या आत सगळं चोख केलं तरी पेटी कुठे आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलाला खाली चाकांची सीपीयू ट्रॉली असते. खुर्चीवर बसणाऱ्याचे पाय तिला लागतात, आणि झाडू मारताना ती सरळ पुढे ओढली जाते, डिस्क फिरत असतानाच. बंद डिस्क तीनशे जीपर्यंतचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तीनशे पट, क्षणिक धक्का सोसते, चालू डिस्कची सहनशक्ती त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकीच असते. ट्रॉलीची चाकं लॉक करावीत किंवा काढूनच टाकावीत. सबवूफर त्याच टेबलावर असेल तर तो जमिनीवर किंवा दूर हलवावा. त्याच्या चुंबकाला लोक घाबरतात, पण डिस्कच्या आतच त्यापेक्षा जोरदार चुंबक बसलेले असतात. खरा उपद्रव त्याच्या दणक्याचा. हीच गोष्ट सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची. आतली डिस्क चोवीस तास लिहीत असते आणि डीव्हीआर मात्र लिफ्टच्या मोटरखोलीत, तापलेल्या स्लॅबखाली, पत्र्याच्या कपाटात बंद. रेकॉर्डिंग हवं तेव्हाच नेमकं मिळत नाही याचं निम्मं कारण त्या जागेत सापडेल.

वीज अचानक गेली तर काय होतं, याची काळजी मात्र डिस्क स्वतः करते आणि ती युक्ती मोठी सुंदर आहे. फिरत असलेली तबकडी आपल्या गतीने मोटरला जनित्र बनवते आणि त्या उरल्यासुरल्या विजेवर आर्म हेडला तबकडीवरून बाजूच्या उतारावर नेऊन ठेवतो. पण तबकडी थांबायला थोडा वेळ लागतो. म्हणून संगणक बंद केल्या केल्या कॅबिनेट उचलू नये. अर्धा मिनिट जाऊ द्यावं.

एसएसडीला यातलं जवळपास काहीच लागू नाही. आत फिरणारं काही नाही, म्हणून अडीच इंची एसएसडी मदरबोर्डच्या मागच्या बाजूला, एसएमपीएसच्या आवरणावर, कुठेही दोन स्क्रूंवर बसते. पंख्याच्या वाऱ्यातली जागा तिला देऊन हार्ड डिस्क कोपऱ्यात ढकलू नये, एवढंच. मदरबोर्डवर थेट बसणारी एम.२ एनव्हीएमई पट्टी मात्र तापते आणि फार तापली की वेग कमी करते. शक्यतो ती ग्राफिक्स कार्डाच्या खालच्या खाचेत नको, आणि वर हीटसिंक लावताना थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म आठवणीने सोलावी. काही मदरबोर्डवर एम.२ची खाच वापरली की एखाददुसरा साटा पोर्ट बंद होतो. डिस्क अचानक दिसेनाशी झाली तर आधी मदरबोर्डचं मॅन्युअल बघावं.

सगळं बसवून झालं की पॅनेल लावण्यापूर्वी संगणक सुरू करावा, एखादी मोठी फाइल कॉपीला टाकावी आणि तळहात पिंजऱ्याच्या पत्र्यावर ठेवावा. पत्रा हातात झिणझिणत असेल तर कुठला तरी स्क्रू सैल आहे. तासाभराने क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे उघडावेत. १९४ क्रमांकाच्या ओळीत तापमान दिसतं. ५ आणि १९७ या ओळी खराब झालेल्या आणि संशयित सेक्टरांच्या. त्या वाढत असतील तर आधी बॅकअप घ्यायचा, बाकी सगळं नंतर. १९९ क्रमांकाची ओळ मात्र नीट वाचावी. तिथला आकडा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत झालेल्या चुका मोजतो. एकदा चढलेला हा आकडा खाली येत नाही, म्हणून आज किती आहे ते लिहून ठेवून आठवड्याने पुन्हा बघायचा. वाढला असेल तर डिस्कला हात लावायच्या आधी साटा केबल बदलायची.